वजाबाकींचा दहावा हिस्सा

पवनचक्क्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात चाचणी विभागाच्या प्रमुखांना सगळे वजाबाकी म्हणत. तोंडावर 'सर' आणि पाठ वळली की वजाबाकी. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नसे. माणसाने कशात तरी नाव काढावं, आणि त्यांनी ते कमी धरण्यात काढलं होतं. कुणी आठवड्यात काम होईल म्हटलं की ते महिना धरायचे. आकाश निरभ्र असेल असं जाहीर झालं की छत्री घेऊन निघायचे. डॉक्टरांनी तब्येत ठणठणीत आहे असं सांगितलं, तेव्हाही घरी येऊन म्हणाले, "बरी आहे म्हणायची," आणि पुढचे दोन दिवस जरा जपूनच चालले.

कामही तसंच होतं म्हणा. डोंगरावर उभं राहणारं चक्र तीस मजली इमारतीएवढं उंच. आधी उभारून बघू, नाही चाललं तर मोडून टाकू, असा मामला नसतो तो. म्हणून त्याचा हुबेहूब छोटा नमुना करायचा, दोन्ही हात पसरले तर कवेत मावेल एवढा. तो वाऱ्याच्या बोगद्यात बसवायचा, एका टोकाचा अजस्र पंखा चालू करायचा आणि काचेतून बघत बसायचं. वाऱ्यात जेवढा जोर आहे, त्यातला शंभरातला किती हिस्सा चक्राने पकडला तो आकडा टिपायचा. एवढं कुणालाही जमेल. खरी मेख पुढेच आहे, कारण छोट्याच्या या आकड्यावरून मोठ्याचा आकडा सांगायचा असतो.

छोट्याचा आकडा मोठ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. तीच हवा छोट्या पात्याला मधासारखी दाट लागते आणि मोठ्याला पाण्यासारखी पातळ. छोटं बिचारं अडखळतं, त्याबद्दल काही मिळवावं लागतं. उलट बोगद्याच्या भिंती वारा चेपून धरतात, त्याला बाजूने पळ काढायला जागा नसते, म्हणून छोट्याला फुकटचा जोर मिळतो. त्याबद्दल काही वजा करावं लागतं. डोंगरावर पात्यांना धूळ लागते, किडे चिकटतात, तेही वजा. या सगळ्याला सूत्रं आहेत आणि वजाबाकी ती डोळे मिटून लावू शकत. पण सगळी सूत्रं लावून झाली, आकडा हाती आला, की ते पेनाला टोपण लावता लावता थांबायचे आणि सरळ एक दहावा हिस्सा कापून टाकायचे. याला सूत्र नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "असू द्यावा."

डोंगरावरून कधी तक्रार आली नव्हती. मोठं चक्र त्यांच्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच द्यायचं, आणि जास्त मिळालं म्हणून कोण भांडायला येतं? कमी सांगण्यात कुणाचं काही जात नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत ते घरीही वापरत.

घरी बायको आणि एकुलती एक लेक. लेकीच्या बाबतीत तर वजाबाकींनी ती छोटी असल्यापासून मोठेपणीचे अंदाज बांधायला घेतले होते. सहा वर्षांची असताना तिने कागदाचं भिरभिरं केलं. ते फिरेना. वजाबाकींनी दोनदा फुंकर मारून पाहिली आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला हातकामात फारशी गती दिसत नाही." सायकलीच्या वेळी म्हणाले, "तोल नाही, जमायची नाही," आणि चार दिवसांत पोरगी दोन्ही हात सोडून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. परीक्षेच्या आधी म्हणाले, "पास होईल." ती पहिली आली. वजाबाकी म्हणाले, "पेपर सोपा असणार." इतके अंदाज चुकले तरी गडी सूत्र बदलायला तयार नव्हता. बायकोने शेवटी हात टेकले आणि नवऱ्याचं बोलणं मनातल्या मनात वाढवून घ्यायची सवय लावून घेतली. चहा 'बरा झालाय' म्हणजे फक्कड झालाय, हे तिला लग्नानंतर वर्षभराने समजलं, आणि तोवर तिने चहाची पत्ती तीनदा बदलली होती.

पुढे लेक शिकली, इंजिनियर झाली आणि बापाच्याच कारखान्यात डिझाइन विभागात लागली. वजाबाकींनी तिच्या नोकरीसाठी शब्द टाकला नव्हता. टाकला असता तर मिळालीच नसती, असं बायकोचं म्हणणं. पहिल्याच दिवशी बायकोने दोघांना बजावलं, "उंबऱ्याच्या आत वारा आणायचा नाही." तेव्हापासून जेवताना घरात कामाबद्दल अवाक्षर निघत नसे.

आणि मग लेकीचं स्वतःचं पहिलं पातं बोगद्यात आलं.

कारखान्याचं जुनं पातं डोंगरावर बेचाळीस देत होतं. नवं पातं त्याच्या पुढे गेलं तरच कागद मालकांपर्यंत जाऊन त्याचं मोठं चक्र उभं राहणार, नाहीतर नमुना चाचणी विभागातूनच कपाटावर जाणार. त्या कपाटावर आधीच अनेकांची पाती धूळ खात पडली होती, आणि ज्यांची होती ती माणसं एकतर कारखाना सोडून गेली होती किंवा गेल्यासारखी वागत होती. लेकीने दोन वर्षं त्या पात्यापायी खाणंपिणं सोडल्यात जमा होतं. तिचं सगळं त्यावर होतं, आणि निकाल बापाच्या हातात होता.

बोगद्याचा पंखा चालवणाऱ्या गृहस्थांना तुफान म्हणत, कारण इतका संथ माणूस कारखान्यात दुसरा नव्हता. त्यांनी पंखा चालू केला. छोटं चक्र फिरायला लागलं. आकडे आले, वजाबाकींनी सूत्रं लावली. आकाराबद्दल मिळवलं, भिंतींबद्दल वजा केलं, धूळ आणि किडे वजा केले. उत्तर आलं सेहेचाळीस.

वजाबाकींचा आधी विश्वासच बसेना. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा सेहेचाळीस. त्यांनी वाऱ्याचा वेग मोजणारी नळी बदलली. बोगद्यात शिरून टेप लावून भिंतींमधलं अंतर मोजलं, जणू त्या रात्रीतून सरकल्या असतील. नमुना उतरवून पुन्हा बसवला. पुन्हा सेहेचाळीस.

"सर," तुफान म्हणाले, "पंख्याचं काही नाही, तो चालेल. पण मला जरा बसू द्या."

"आकडा जास्त वाटतोय हो."

"तुम्हाला कधी कमी वाटलाय का?"

तुफान बसले. वजाबाकींनी पेनाचं टोपण हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे थांबले. आता दहावा हिस्सा. सेहेचाळीसातून दहावा हिस्सा गेला की उरतात एक्केचाळीस आणि वर थोडे. म्हणजे बेचाळीसच्या खाली. म्हणजे कपाट.

इतकी वर्षं इतरांच्या पात्यांचा दहावा हिस्सा कापताना त्यांनी कधी दुसरा विचार केला नव्हता. आता पोरीच्या वेळी सोडून दिला तर तो उघडउघड पक्षपात. आणि कापला, तर जे पातं खरोखर सेहेचाळीस देणार आहे ते आपल्याच हाताने मारल्यासारखं. त्यांनी त्या दहाव्या हिश्शाचं काही शास्त्रीय कारण सापडतं का ते पाहिलं. मोठ्या चक्राचा धक्का? तो धरला होता. वळणारा वारा? तोही धरला होता. बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तो हिस्सा वाऱ्यासाठी नव्हताच. तो त्यांच्या पोटातल्या गोळ्यासाठी होता. उद्या कुणी येऊन 'तुम्ही म्हणाला होतात ना' असं म्हणू नये, एवढ्याचसाठी.

ते बराच वेळ काचेतून त्या थांबलेल्या छोट्या चक्राकडे बघत बसले. मग त्यांनी कागदावर सेहेचाळीस लिहिलं, टोपण लावलं आणि कागद मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. संध्याकाळी घरी लेकीला, बायको आत गेल्याचं बघून, हळूच एवढंच म्हणाले, "पातं बरं आहे."

आता मालकांबद्दल सांगायला हवं. मालक म्हणजे दिलदार आणि हौशी गृहस्थ. त्यांच्या तोंडून कुठलाच आकडा मुळातल्या मापाचा बाहेर पडत नसे. गावाला जायला चार तास लागले तर ते म्हणायचे तीन तासांत पोचलो, आणि सभेला शंभर माणसं आली तर म्हणायचे दीडशे. त्यांनी कागद पाहिला, खूश झाले, आणि गिऱ्हाइकाला आकडा कळवून टाकला. गिऱ्हाईक म्हणजे वीज विकणारी एक मोठी कंपनी. तिने आधी एक चक्र उभारून महिनाभर चालवून बघायचं ठरवलं. जमलं तर अशी पुष्कळ घेणार, नाही जमलं तर दुसऱ्या कारखान्याची पाती बसवणार.

चक्र उभं राहिलं. महिना उलटला, आणि सगळे डोंगरावर त्या चक्राच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये जमले. एरवी वजाबाकी अशा बैठकांना जायचे नाहीत, पण लेकीचं पातं म्हणून तेही गेले, छत्री घेऊन. गिऱ्हाइकाकडून एक बाई आल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चेहरा असा की हसल्याच तर ते नोंदवून ठेवावं लागेल. त्यांनी पडद्यावर महिन्याचा हिशेब लावला. खाली सरासरी आकडा उमटला, सेहेचाळीस.

"वा," वजाबाकी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून असा शब्द आपणहून निघाला होता. छाती भरून आली होती त्यांची. छोट्याने जे सांगितलं ते मोठ्याने दशांशापर्यंत खरं करून दाखवलं होतं. त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. लेकीच्या तर डोळ्यांत पाणी उभं होतं. मालक रुमालाने मान पुसत होते.

"वा काय, सर?" बाई म्हणाल्या. "आम्हाला एक्कावन्न सांगितले होते."

"एक्कावन्न?"

"लेखी."

मालक लेकीकडे वळले. "पात्यातच काहीतरी गडबड आहे. मी तेव्हाच म्हणत होतो, एवढ्या नवख्या माणसाकडे एवढं मोठं काम द्यायला नको होतं."

लेक मान खाली घालून उभी होती. ते बघून वजाबाकींच्या डोक्यात तिडीक गेली. मालकांसमोर तोंड उघडताना आजवर ते दहादा विचार करायचे, आज एकदाही केला नाही.

"थांबा. एक्कावन्न कोणी सांगितले?"

"तुम्हीच," मालक म्हणाले.

"मी सेहेचाळीस लिहिले होते. माझ्या हाताने."

मालक हळू आवाजात म्हणाले, "आपण हे बाहेर बोलू."

"इथेच बोला," बाई म्हणाल्या. "बाहेर फार वारा आहे."

मालकांनी आढ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. सुटका दिसेना. "अहो, तुम्ही दरवेळी दहावा हिस्सा कापता, हे काय मला माहीत नाही? सगळ्या कारखान्याला माहीत आहे. तसा आकडा मी बाजारात नेला असता तर दुकान कधीच बंद झालं असतं. म्हणून तुम्ही कापलेला मी परत जोडतो. गेली कित्येक वर्षं जोडतोय. तुमचा मान राहावा म्हणून बोललो नाही."

बाईंनी चष्मा वर सरकवला.

"म्हणजे आमच्या आधीच्या चक्रांचे आकडे इतके बरोबर जुळले, ते..."

"हे कापायचे, मी जोडायचो," मालक म्हणाले.

"शंभराचे नव्वद, आणि नव्वदात नव्वदाचा दहावा हिस्सा मिळवला की नव्याण्णव. राहिलेला एक?" बाईंनी विचारलं.

"तो आम्ही वाऱ्यावर सोडायचो."

"आणि यावेळी दोघांपैकी एकानेच काम केलं."

मालक वजाबाकींकडे वळले. त्यांच्या आवाजात आता राग कमी आणि दुःख जास्त होतं. इतक्या वर्षांच्या जोडीदाराने न सांगता डाव सोडून जावं, तसं काहीतरी. "का नाही कापलात? निदान मला सांगायचं तरी."

आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. लेकसुद्धा.

"त्या दहाव्या हिश्शाला काही कारण नाही," वजाबाकी म्हणाले. "मी घाबरट माणूस आहे, बाकी काही नाही. इतरांच्या पात्यांचा कापताना मला ते कधी खुपलं नाही. पोरीच्या पात्याच्या वेळी खुपलं. आधीच खुपायला हवं होतं, ते माझं चुकलं. त्या कपाटावर दोन-तीन चांगली पाती माझ्यामुळे पडली असतील, ती उद्याच उतरवून पुन्हा तपासतो. पण सेहेचाळीस हा आकडा बरोबर होता. यात मी पोरगी म्हणून काही घातलेलं नाही आणि भीती म्हणून काही काढलेलं नाही. डोंगराने तोच आकडा दिलाय."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतून वर फिरणाऱ्या पात्यांकडे. "आमची जुनी चक्रं किती देतात?"

"बेचाळीस," मालक पटकन म्हणाले. आणि यावेळी त्यांनी खरोखर बेचाळीसच म्हटलं, म्हणजे प्रसंग किती बाका होता ते लक्षात यावं.

"मग पातं चांगलं आहे. आम्ही घेऊ. फक्त यापुढे आकडा बोगद्यातून थेट माझ्याकडे यायला हवा. वाटेत कुणाच्या हाती लागायचा नाही," बाई म्हणाल्या, आणि मग लेकीकडे वळून, "तुम्हाला उगाच बोलणी बसली. पाणी प्या जरा."

मालकांचा जीव भांड्यात पडला. पाच मिनिटांत ते फोनवर कुणाला तरी सांगत होते की गिऱ्हाईक पात्यावर बेहद्द खूश आहे, दुप्पट घ्यायचं म्हणतंय.

लेक पाणी न पिताच बाहेर गेली होती. वजाबाकी मागोमाग गेले. ती चक्राच्या बुंध्याला पाठ टेकून उभी होती. डोक्यावरून पाती एकामागून एक खाली येत आणि वर जात होती. वजाबाकींना वाटलं, आता ती आभार मानेल आणि आपल्याला काय बोलावं ते सुचणार नाही. पण तिचा चेहरा आभार मानणाऱ्याचा नव्हता.

"बाबा, चाचणीच्या दिवशी तुम्ही मला 'बरं आहे' म्हणालात."

"हो."

"मी ते 'छान आहे' असं धरलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, नेहमीचंच. तुम्ही 'बरं' म्हणालात की 'छान' धरायचं, 'ठीक' म्हणालात की 'बरं' धरायचं. आईने शिकवलंय मला लहानपणीच. मालक आत्ता म्हणाले ना, परत जोडतो म्हणून? मला एकदम वाटलं, अरे, हे तर माझंच काम सांगतायत." ती हसली, पण पूर्ण हसू आलं नाही. "तसं जमायचं मला. फक्त तुम्ही नुसतं 'हं' म्हणायचात ना, तेव्हा जड जायचं. त्यात किती मिळवायचं तेच कळायचं नाही. मग मी आपली रात्री पडल्या पडल्या अंदाज करत बसायची."

कमी सांगण्यात कुणाचं काही जात नाही, असं वजाबाकी आयुष्यभर समजत आले होते. त्यांना आता ती सहा वर्षांची दिसली, मग दहा वर्षांची, मग परीक्षेत पहिली आलेली. दरवेळी बापाने हातात कमी ठेवलं होतं, आणि उरलेलं तिने कुठून तरी स्वतःच आणून भरलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"पातं उत्तम आहे," ते म्हणाले. "माझ्या बोगद्यात आलेल्या सगळ्या पात्यांत चांगलं आहे. आणि तूही."

लेक त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. हिशेब करत होती.

"यात किती मिळवू?"

"काही नको. पूर्ण सांगितलंय."

तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "एकदाच आलेला आकडा धरता येत नाही. परत सांगा."

तेव्हा वजाबाकींनी छत्री खाली ठेवली आणि परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, कारण वर पाती जोरात फिरत होती.